दिवाळीला मूल घरी आणताना

प्रिय मुली,

दिवाळीच्या सुटीत बालगृहातलं एक मूल घरी आणायचं तुम्हा दोघांच्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. मी २२ वर्षं गृहमाता होते. सुटी लागली की काहींना न्यायला मामा-आजी येतात. उरलेली मुलं दुपारभर फाटकाशी रेंगाळतात.

कागदांना आत्ताच लाग. बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल घरी नेता येत नाही. त्याआधी घरभेट होईल, पोलीस पडताळणी होईल. केरळात उन्हाळ्याच्या सुटीत ६ ते १८ वयाची मुलं अशी कुटुंबांत राहायला जातात, जिल्हा बाल संरक्षण कक्ष ते जुळवून देतो. तुला खेटे घालावे लागले तरी घाल.

मूल आलं की मॉल दाखवायची घाई नको. सहली आणि देणगीदारांची जेवणं त्याने पुष्कळ पाहिलीत. गिरणीत दळण टाकायला ने, करंज्यांत सारण भरायला बसव, वाण्याकडून सुटे पैसे मोजून आणू दे. पन्नास पानांचा स्वयंपाक पाहिलेल्या मुलाला चार माणसांची आमटी केवढी असते हे ठाऊक नसतं. पाणी प्यायलाही ते विचारेल. उशीखाली चकली सापडेल. रागावू नकोस, डबा त्याच्या हाताला येईल असा ठेव.

फोटो स्टेटसलाही टाकायचा नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. मला मात्र जास्त धास्ती त्याच्या वर्गातल्या पोरांच्या बोलण्याची वाटते.

आणि परतीची तारीख. पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर ती त्यालाच गोल करायला सांग. एका जोडप्याने निरोप देताना ‘पुढच्या दिवाळीला नक्की’ म्हटलं होतं. मनापासूनच म्हटलं असणार. पुढच्या वसुबारसेला तो नऊ वर्षांचा मुलगा सकाळपासून पिशवी भरून पायरीवर बसला. रात्री पिशवी मी रिकामी केली. तळाशी त्या काकूंसाठी केलेला कागदी आकाशकंदील होता.

म्हणून जमेल तेवढंच बोल. अधूनमधून रविवारी भेटायला जा. पुढच्या वर्षी जमणार नसेल तर अधीक्षकांकडे निरोप ठेवू नकोस, स्वतः जाऊन त्याला सांग.

निघताना फराळ बांधशील तो त्याच्या खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा बांध. किती जण आहेत ते त्यालाच विचार.

तुझी,
मावशी