न्यू ऑर्लिन्सची मार्गारेट आणि आईचा रतीब

तुमचा प्रश्न: आधी भरपूर पैसा कमावून मग गावातल्या गोरगरिबांवर तो खर्च करणारी एखादी कॅथलिक स्त्री सांगा, आणि धंद्यातून केलेलं दान खरं मानावं का?

मार्गारेट हॉगरी. पण ‘आधी’ आणि ‘मग’ हे तिच्या बाबतीत लागू नाही. आयर्लंडमध्ये १८१३ साली जन्मलेली, लहानपणीच अमेरिकेत पोरकी झालेली ही मुलगी. लग्नानंतर न्यू ऑर्लिन्सला आली आणि थोड्याच काळात नवरा आणि तान्ही लेक दोघंही गेली. हॉटेलात कपडे धुवायची, इस्त्री करायची. त्या मजुरीतूनच अनाथाश्रमाला देणं सुरू झालं. मग दोन गायी घेतल्या, त्या चाळिसांवर गेल्या, पुढे वाफेच्या यंत्रावर चालणारी मोठी बेकरी आली. अनाथाश्रम चालवणाऱ्या नन्सना तिचं दूध-पाव पुरत राहिलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. मृत्युपत्रावर सहीच्या जागी फुली आहे. १८८२ साली गेली, तेव्हा पैसा निरनिराळ्या धर्मांच्या अनाथाश्रमांना वाटून गेली होती.

माझी आईही अंगठाबहाद्दर. मिरजेजवळच्या आमच्या गावी तिच्या सात म्हशी होत्या आणि गावातल्या मुलांच्या वसतिगृहाला तिचा रतीब होता. मोठ्या मुलांचं दूध अर्ध्या दराने, सगळ्यात लहान आठ पोरांचं फुकट. गोठ्याच्या भिंतीवर ती कोळशाने हिशोब ठेवायची. पैशाच्या मापाला रेघ, फुकटच्या मापाला टिंब. महिना संपला की शेण-मातीने सारवायची आणि पुन्हा पहिली रेघ ओढायची.

एकदा दिवाळीत, सगळी पंगत बसलेली असताना, धाकटे काका म्हणाले, “वहिनी, दान करायचं तर माप कशाला? माप आलं की तो धंदा झाला.” सगळे गप्प. आईने त्यांच्या पानात आमटी वाढली आणि ती आत गेली. मी चौदा वर्षांची होते. तिच्या बाजूने बोलायला मला एक शब्द सुचला नाही, ते मला आजतागायत सलतं.

पुढच्या बहात्तरच्या दुष्काळात कडब्याला सोन्याचा भाव आला. गावात दरवर्षी वाजतगाजत अन्नदान करणाऱ्यांनी हात आखडते घेतले. आईने पाटल्या मोडून कडबा घेतला. तीन म्हशी विकल्या, पण भिंतीवरची आठ टिंबं कमी केली नाहीत. कुणाला किती द्यायचं आणि त्यासाठी किती विकावं लागेल हे तिला त्या भिंतीवरून रोज दिसत होतं, म्हणून ते जमलं. माप नसतं तर पहिल्या महिन्यातच सगळं बंद पडलं असतं.

मुलाकडे अमेरिकेला गेले तेव्हा हट्टाने न्यू ऑर्लिन्सला मार्गारेटचा पुतळा बघायला गेले. १८८४ साली बसवलेला, संगमरवरी. साधा झगा, खांद्यावर शाल, खुर्चीत बसलेली बाई आणि तिच्याजवळ एक मूल. खाली एवढंच कोरलंय: मार्गारेट. आडनाव नाही. आमच्याकडे ‘दूधवाल्या आक्का’ म्हटलं की पत्ता सांगावा लागत नसे, तसंच.

हेही सांगायला हवं की प्रत्येक पैसेवाली बाई अशी नसते, आणि मार्गारेटच्या ऐन उमेदीच्या काळात त्याच शहरात गुलामांचा बाजार भरत होता. ते वगळून तिची गोष्ट सांगू नये.

दान करायचंच असेल तर आधी धंदा नीट करा, हिशोब लिहा, आणि फुकट द्यायचं माप पहिल्या दिवसापासून वेगळं काढा. श्रीमंत होण्याची वाट बघू नका. काका आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाला हे उत्तर आज पाठवते आहे.