ब्रनोला यायचंय म्हणतेस, तर...

तुझा निरोप दोन आठवडे उत्तराविना ठेवला, त्याबद्दल रागावू नकोस. प्रश्न तसा साधाच होता: 'ताई, अमेरिकेच्या संघराज्य पद्धतीतून पूर्व युरोपातल्या नव्या लोकशाह्यांनी काय घेतलं, या विषयावर संशोधन करायला दोन वर्षं चेक देशातल्या ब्रनोला यायचंय. सोबत नवरा आणि सात वर्षांची लेक. तू टेक्सासात तेरा वर्षं आणि ब्रनोत आठ वर्षं काढलीस, काय तयारी करू?' व्हिसाला काय काय लागतं, बँकेत किती पैसे दाखवायचे, विमा कोणता, हे सगळं वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे. ते तिथेच वाच. मी बाकीचं सांगते. मी कायद्याची माणूस नाही, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पण तुझा विषय माझ्या घरात घुसून बसलाय, म्हणून लिहायला इतका वेळ लागला.

आधी कागद. संघराज्य म्हणजे काय, हे मला 2017 मध्ये अपोस्टीलच्या (म्हणजे कागद परदेशात खरा मानावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याच्या) फायलीतून कळलं. मुलीचा जन्मदाखला टेक्सासचा, म्हणून त्यावरचा शिक्का ऑस्टिनहून, राज्य सरकारचा. माझा पोलीस दाखला एफबीआयचा, तो राज्याला चालत नाही, त्याचा शिक्का वॉशिंग्टनहून. लग्नाचा दाखला पुण्याचा, त्यावर आधी महाराष्ट्राचा शिक्का आणि मग दिल्लीचा. एवढं सगळं चेक भाषेत शपथेवर भाषांतर करून, दोऱ्याने शिवून नेलं, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, लग्नाच्या दाखल्यावर एक बाई आहे आणि जन्मदाखल्यावर आई म्हणून दुसरी आहे. माहेरचं नाव आणि सासरचं नाव! आपल्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतं, हे समजावायला मला तीन फेऱ्या, एक प्रतिज्ञापत्र आणि त्याचं आणखी एक भाषांतर लागलं. तुझंही नाव बदललेलं असेल तर ते प्रतिज्ञापत्र पुण्यातूनच करून आण, अपोस्टीलसकट. एवढं सगळं झाल्यावर शेजारच्या आजींनी आमच्या टपालपेटीवर आडनावाला 'ओवा' जोडून चिठ्ठी लावली. इथे बायकांच्या आडनावाला ते सहसा लागतं. नवरा आठवडाभर मला पचनाची गोळी म्हणत होता.

टेक्सास का सोडलं, ते विचारलं नाहीस, पण तुझ्या विषयाची सुरुवात तिथेच होते. ग्रीन कार्डाची रांग. कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, आणि भारतातून आलेली आमच्यासारखी माणसं किती ते तुला माहीत आहे. गाडीचं लायसन्स द्यायचं राज्याने, पण त्यावरची शेवटची तारीख केंद्राच्या व्हिसाची. शाळा तर त्याहून खालच्या पातळीवर: स्कूल डिस्ट्रिक्ट, घरपट्टीवर चालणारा. आमच्या कॉलनीतल्या एका रस्त्याच्या पलीकडे दुसरा डिस्ट्रिक्ट होता आणि तसंच घर तिकडे महाग होतं. सॅन अँटोनियोच्या पालकांनी या विषमतेविरुद्ध दावा लावला होता. 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही. मला तेव्हा याचा संताप यायचा. पण एक गोष्ट मान्य करते. एका दाराने नाही म्हटलं की ठोठवायला दुसरं दार असायचं. हे लोक पुढे राज्याच्या न्यायालयात गेले आणि राज्याच्या घटनेवर बोट ठेवून 1989 मध्ये जिंकले.

चेकोस्लोव्हाकियात अशी दारं नव्हती. तिथलं संघराज्य 1 जानेवारी 1969 ला कागदावर आलं. संसदेच्या एका सभागृहात 75 चेक आणि 75 स्लोव्हाक. घटनादुरुस्तीला दोन्ही बाजूंचे तीन-पंचमांश वेगवेगळे हवेत, म्हणजे एका बाजूचे 31 जण अडून बसले की संपलं. कम्युनिस्ट पक्ष सगळं ठरवत होता तोवर हे कुलूप शोभेचं होतं. 1989 नंतर ते खरंच लागायला लागलं. 1990 मध्ये देशाच्या नावात दोन शब्दांमध्ये जोडरेघ घालायची की नाही यावर महिनोन्‌महिने भांडण चाललं. हसू नकोस, इथली वयस्क माणसं आजही त्याला 'जोडरेघेचं युद्ध' म्हणतात. जुलै 1992 मध्ये याच कुलपाने हावेल पुन्हा राष्ट्राध्यक्ष होऊ शकले नाहीत.

अमेरिकेतून घटनातज्ज्ञ सल्ला द्यायला येत होते. सल्ला चांगलाच असणार. पण अमेरिकेच्या घटनेचा शिल्पकार मॅडिसन, त्याचा सगळा डाव तेरा राज्यांवर आणि असंख्य गटांवर होता: आज जो माझ्या विरोधात, तो उद्या दुसऱ्या प्रश्नावर माझ्या बाजूने. इथे घटक दोनच. दोनच असले की प्रत्येक मतभेद हा त्याच दोघांमधला असतो, आणि हरणारा दर वेळी तोच वाटतो. तू प्रबंधात कितीही अधिकारांचे तक्ते घाल, माझ्या मते मुद्दा हा आहे. टेक्सासच्या फुटण्यावर 1869 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने निकाल दिला की फुटता येतच नाही, पण त्याआधी यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली होती. इकडे एक माणूस मेला नाही. ऑगस्ट 1992 मध्ये याच ब्रनोत, तुगेंडहाट व्हिलाच्या बागेतल्या झाडाखाली चेक पंतप्रधान क्लाऊस आणि स्लोव्हाक पंतप्रधान मेचियार यांनी वाटणीचं ठरवलं. सार्वमताचा कायदा 1991 पासून हजर होता, तो वापरलाच नाही. लोकांचे कौल तर सांगत होते की बहुतेकांना फूट नको आहे. 1 जानेवारी 1993 ला दोन देश. व्हिला बघायची असेल तर तिकीट फार आधी काढ.

आमची लेक नववीत असताना हा धडा शाळेत झाला. रात्री जेवताना तिने तो सगळा सांगितला, आमटी भुरकली आणि म्हणाली, "आपल्याकडेही सार्वमत नव्हतं झालं." नवऱ्याला पुण्याला परतायचं होतं, मला ब्रनोची नोकरी हवी होती. दोघांकडे नकाराधिकार. टेक्सासातल्या प्लेनोच्या घरी, स्वयंपाकघरात रात्री दीडपर्यंत आम्ही बोललो, मी जिंकले, आणि बारा वर्षांच्या मुलीला सकाळी बातमी दिली. तिसरं मत घरात होतं, आम्ही ते मोजलंच नाही. त्या रात्री मी तिला म्हटलं, ताक घे.

ती जन्माने अमेरिकन, अमेरिकेच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीच्या कृपेने: तिथे जन्मलेला तिथला नागरिक. पुढे ती कॉलेजला टेक्सासात परत गेली. तिला व्हिसा लागला नाही, कुणाची परवानगी लागली नाही. फक्त फीच्या अर्जात विचारलं होतं, गेले बारा महिने आईवडिलांचा रहिवास कुठे? टेक्सासात जन्मलेली, तिथल्या शाळेत सहावीपर्यंत गेलेली मुलगी परराज्यातली ठरली. फी जवळजवळ तिप्पट. देश तिचा, राज्य तिचं नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी अगदी हेच समजावलं होतं: अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी आहे, राज्य आपल्या रहिवाशांना जे देतं ते बाहेरच्यांना नाकारतं किंवा कठीण अटींवर देतं. भारतात एकच नागरिकत्व. (डोमिसाइलच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत उभी राहिलेली मी आहेच, तेव्हा याबाबतीत आपण फार मिरवू नये.) घराचं दुसरं कर्ज त्या फीसाठी काढलं. आणि फोनवर ती म्हणाली, "आई, तू तिथेच राहिली असतीस तर." वाक्य तिने अर्धंच सोडलं.

तुझ्या उपयोगाचं एक सांगते: चेक घटनात्मक न्यायालय प्रागला नाही, ब्रनोतच आहे. आणि संघराज्य मोडल्यावरही इथल्या घटनेत सिनेट ठेवलंय, 81 जणांचं, सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश जागांची निवडणूक, अगदी अमेरिकेसारखी. राज्यं नाहीत पण सिनेट आहे! याची चेष्टा करणारे चेक तुला रोज भेटतील. मोराविया या देशाच्या पूर्व भागातल्या लोकांना, म्हणजे ब्रनोवाल्यांना, आपल्याला काही स्वायत्तता हवी असं नव्वदच्या दशकात वाटत होतं. त्यावर कुणा म्हाताऱ्याला बोलतं कर, पण बिअर तुझ्याकडून. तर्कशास्त्रज्ञ कुर्ट ग्योडेल इथलाच. 1947 मध्ये नागरिकत्वाच्या मुलाखतीत तो न्यायाधीशांना सांगायला निघाला होता की अमेरिकेच्या घटनेतून हुकूमशाही येऊ शकते, हे त्याने शोधून काढलंय. सोबत आलेल्या आइनस्टाइनला घाम फुटला असणार.

एकटेपणाचं विचारशील. असतो. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, व्हिटॅमिन डी घे, ट्रामला इथे 'शालिना' म्हणतात, तिने फिर. एवढंच.

लेकीच्या शाळेचं मात्र ऐक. आमची सहावी संपवून आली होती, इथे मुख्याध्यापिकांनी भाषा येत नाही म्हणून तिला पुन्हा सहावीत बसवलं. मी मान हलवून सही केली, कारण ते पत्र मला वाचता येत नव्हतं. तुझी लहान आहे, तिला वर्ष वाया जाणार नाही, पण येण्याआधी सहा महिने दोघींनी चेक सुरू करा. आणि इथे गुण 1 ते 5 असतात. चौथ्या आठवड्यात ती गणिताची वही घेऊन आली, वर लाल शाईत भला मोठा 1. पाचांपैकी एक. मी तिला अर्धा तास सुनावलं, आम्ही एवढं सगळं सोडून कशासाठी आलो, इथपर्यंत पोचले. ती सगळं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, आई, इथे 1 सगळ्यात वरचा असतो.