परदेशातल्या बातमीत काय गाळलंय, हे साध्या वाचकाने कसं ओळखायचं?

एकच बातमी कितीदाही वाचा, जे छापलंच नाही ते त्यात दिसणार नाही. ताडून पाहावं लागतं. त्यासाठी तारीख पक्की असलेली आणि मूळ कागद उघड असलेली घटना निवडा. सुदानचं युद्ध या कामाला उत्तम.

७ जानेवारी २०२५ला अमेरिकेने रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाचा प्रमुख हेमेदती याच्यावर निर्बंध घातले, या दलाने वंशसंहार केल्याचंही जाहीर केलं. त्याच यादीत संयुक्त अरब अमिरातीत असलेल्या, या दलाच्या मालकीच्या सात कंपन्या होत्या. नऊ दिवसांनी, १६ जानेवारीला, युद्धातल्या समोरच्या बाजूचा, म्हणजे सुदानी लष्कराचा, प्रमुख बुऱ्हान याच्यावरही निर्बंध आले. अमेरिकी अर्थखात्याची निवेदनं जालावर आहेत. आता तुमच्या पेपरच्या साइटवर शोधा. दोन्ही बातम्या आहेत की एकच? सात कंपन्यांसोबत 'अमिराती' हा शब्द आहे का? या दलाला शस्त्रं पुरवल्याचा आरोप अमिराती नाकारतात, ते तरी आलंय का?

शोधताना लोक हमखास फसतात ते नावांच्या स्पेलिंगवर. हेमेदती, हेमेती, दगालो (हे त्याचं आडनाव). यूएई, अमिरात, दुबई. सगळं टाकून बघितल्याशिवाय 'बातमीच दिली नाही' म्हणू नका.

सापडलं नाही म्हणजे मुद्दाम दडपलं, असंही नाही. वृत्तसंस्थेच्या मजकुरात पार्श्वभूमी बहुधा शेवटी असते आणि जागा कमी पडली की डेस्क बातमी खालून कापतं. ऑक्टोबर २०२१चं सुदानमधलं बंड हेमेदती आणि बुऱ्हान या दोघांनी मिळून केलं होतं, हे वाक्य असंच उडतं आणि उरतं ते 'दोन सेनापतींचं भांडण'. म्हणून छापील अंकापेक्षा साइट तपासा. तिथे जागेची सबब चालत नाही. निदान दहा बातम्या घ्या. कधी हे, कधी ते गळत असेल तर ती कापाकापी. दरवेळी तेच एक नाव गळत असेल, तर पूर्वग्रहाची शंका रास्त आहे.

दुसरा प्रकार अख्खा विषयच गळण्याचा. एप्रिल-मे २०२३मध्ये 'ऑपरेशन कावेरी'तून आपली माणसं परत आली, तोवर सुदान रोज पानावर होतं. ऑगस्ट २०२४मध्ये सुदानमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. या दोन्ही काळांतले मथळे मोजून ताडून पाहा.

मराठीत तर कर्ता गाळणं फारच सोपं: 'हल्ल्यात चाळीस ठार'. कोणाच्या? पण आधी डेटलाइन, म्हणजे बातमीच्या सुरुवातीला दिलेलं गावाचं नाव, बघा. कैरोहून लिहिलेली असेल आणि सुदानमधलं नेटवर्क बंद असेल (फेब्रुवारी २०२४मध्ये ते जवळपास सगळीकडे बंद होतं), तर बातमीदारालाही ते ठाऊक नसू शकतं.

आणि अमिरातींचं नाव ठळक देणारं माध्यम सापडलं, तर सुदानी लष्कराने बाजारांवर केलेले हवाई हल्ले त्यात येतात का, तेही याच रीतीने तपासा.