सोन्याचे चमकणारे नॅनोकण करायला बसतोस, तर आधी हे ऐक

सोन्याचे अणू धरून ठेवायला काहीतरी रेणू लागतो, पण पहिल्याच महिन्यात डीएनए, पेप्टाइड असल्या महागड्या वाटेला जाऊ नकोस. बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन, घे. स्वस्त आहे आणि चुका पोटात घालतं.

कृती २००९ पासूनची, साधीच. १० मिलिमोलर सोन्याचा क्षार आणि मिलीलीटरला ५० मिलिग्रॅम बीएसए, दोन्ही पाच-पाच मिली. ३७ अंशांवर ढवळत एकत्र कर, दोन मिनिटांनी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा मिली, मग बारा तास त्याच तापमानाला इन्क्युबेटरमध्ये. ही अल्कली, म्हणजे हायड्रॉक्साइड, विसरलास तर कण बनणारच नाहीत. पीएच बाराच्या आसपास गेला की बीएसएमधलं टायरोसिन हे अमिनो आम्ल सोन्याला क्षपित करतं, म्हणजे क्षारातून धातूरूपात आणतं, आणि सिस्टिन या दुसऱ्या अमिनो आम्लातलं गंधक त्या इवल्या पुंजक्याला धरून ठेवतं. एका पुंजक्यात जेमतेम २५ अणू! म्हणून द्रावण सोनेरी किंवा लाल दिसत नाही, फिक्या चहासारखं दिसतं. यूव्ही दिव्याखाली धर, लालभडक चमकेल. वाइन-लाल झालं तर कण मोठे झाले, ओतून दे, अर्थात वेस्टच्या बाटलीत.

सोन्याच्या क्षाराला स्टीलचा चमचा लावायचा नाही. मी लावला होता. चमचा काळा आणि सरांचा चेहरा त्याहून काळा. काचेची भांडी आधी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणाने) धू, पण फ्यूम हूडमध्ये, आणि त्याची बाटली घट्ट बंद करू नकोस.

आणि हो, बेळगावच्या पावसात वीज जाते. इन्क्युबेटर यूपीएसवर आहे का ते बघूनच खानापूरची बस पकड.