बँडबाहेरची गाणी

चि. गायिकेस,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे डेमो ऐकले, काही पुन्हा पुन्हा ऐकले. फोनवर घाईत रेकॉर्ड केलेले असूनही त्यांतल्या दोन-तीन गाण्यांत तुझा आवाज असा लागलाय, की बँडच्या एकाही अल्बममध्ये तो तसा ऐकलेला आठवत नाही. तुझ्या पत्रातला खरा प्रश्न मात्र गाण्यांच्या दर्जाचा नाही. बँडचं नाव झालेलं असताना आपण स्वतःचा हार्ड रॉक अल्बम काढावा का, आणि काढला तर बाकीच्यांना काय वाटेल, हे तुला सतावतंय. माझं उत्तर असं आहे: अल्बम जरूर काढ, पण त्याआधी ही सगळी गाणी बँडला बसवून ऐकव.

हे वाचून तू बिचकशील. अर्धवट गाणी त्यांच्यापुढे ठेवायची म्हणजे त्यांच्या हातात नकार देणं, असं तुला वाटेल. पण एखादं गाणं बँडचं की फक्त तुझं, हे एकटीने ठरवता येत नाही. गायक ब्रूस डिकिन्सनचंच बघ. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडमध्ये असताना, १९८९ साली, त्याने ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या मालिकेतल्या पाचव्या सिनेमासाठी एक गाणं केलं. गिटारवर जॅनिक गर्स होता. त्या कामातूनच पुढे १९९०चा ‘टॅटूड मिल्यनेअर’ हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम उभा राहिला. ते मूळ गाणं मात्र मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिसने ऐकलं आणि बँडसाठी मागून घेतलं. मेडनने ते नव्याने रेकॉर्ड केलं आणि जानेवारी १९९१मध्ये ते ब्रिटनच्या सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या प्रसिद्ध झालेल्या गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मेडनच्या दुसऱ्या कुठल्याही सिंगलला ती जागा मिळालेली नाही. मेडनचा गिटारवादक ॲड्रियन स्मिथ बाहेर पडल्यावर त्याच्या जागी आला तोही हाच जॅनिक गर्स. बाजूला म्हणून सुरू केलेल्या कामाने मुख्य बँडचा चेहरा बदलला, कारण ते काम बँडच्या कानांपासून लपवलेलं नव्हतं.

याची दुसरी बाजू लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टनच्या ‘डेड बाय सनराइज’ या वेगळ्या बँडमध्ये दिसते, आणि तुझी परिस्थिती मला तिच्याशी जास्त जुळणारी वाटते. लिंकिन पार्कचा तेव्हाचा साचा तुला माहीत आहे: माइक शिनोदाचं रॅप, सॅम्पल्स (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेले आवाजाचे तुकडे), इलेक्ट्रॉनिक थर आणि त्यावरून झेपावणारा चेस्टरचा आवाज. त्या साच्यात न बसणारी काही गाणी त्याच्याकडे जमली. ती जास्त काळोखी आणि जास्त खासगी होती. दारूचं व्यसन, मोडलेला संसार असा ऐवज त्यांत होता. बँडकडे दिली तर ती लिंकिन पार्कची होऊन जातील, हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने ऑर्जी या बँडमधल्या रायन शक आणि अमीर डेराख या जुन्या मित्रांना हाताशी धरलं. मध्येच लिंकिन पार्कचा २००७चा ‘मिनिट्स टू मिडनाइट’ हा अल्बम आला, तेव्हा त्याने आधी बँडचं काम पुरं केलं. स्वतःचा ‘आउट ऑफ ॲशेस’ प्रसिद्ध झाला तो थेट ऑक्टोबर २००९मध्ये. आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात लिंकिन पार्कने आपल्याच कार्यक्रमांत या नव्या बँडला काही गाणी वाजवायला जागा करून दिली होती. आपल्या गायकाच्या स्वतंत्र अल्बमसाठी बँड स्वतःच्या मंचावरची वेळ देतो, याचा अर्थ नीट लक्षात घे. आतला विश्वास शाबूत असल्याशिवाय हे होत नाही.

अल्बम म्हणून ‘आउट ऑफ ॲशेस’ मला सगळाच आवडत नाही, हेही सांगतो. निर्माता हॉवर्ड बेन्सन. त्याच्या हातून आवाज स्वच्छ आणि भक्कम आला, पण काही ठिकाणी तो नको इतका चकचकीत झालाय. त्या काळी रेडिओवर वाजणाऱ्या रॉकच्या गर्दीत सहज मिसळून जाईल असा. चेस्टर खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो तिथे मात्र अंगावर काटा येतो. हे गाणं बँडबाहेर का आलं, ते तेव्हा न सांगता कळतं. तुझ्या डेमोंमध्येही अशा जागा आहेत. निर्मात्याला पहिल्याच दिवशी त्या दाखव आणि त्यांना पॉलिश करायचं नाही, हे ठरवून घे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बँडमध्ये तुझ्या प्रत्येक ओळीवर चार माणसं हरकत घेतात. कडवं लांबलंय, हा भाग दोनदा नको, ड्रम्स इथे थांबू देत. त्या कटकटीला कंटाळून तुला मोकळीक हवी आहे, हे पत्रातल्या ओळीओळीतून दिसतंय. पण तुझी गाणी आज जी आटोपशीर आहेत, ती त्या कटकटीमुळेच. पैसे देऊन बोलावलेला वादक गायिकेला नाही म्हणणार नाही. तो छान वाजवेल, मान डोलावेल आणि घरी जाईल. म्हणून एक तरी माणूस असा निवड, ज्याला गाण्यात खरा वाटा आहे आणि जो तोंडावर नाही म्हणू शकतो. गिटारवादक असो, निर्माता असो. चेस्टरचे सोबती आधीपासून स्वतःचं संगीत करणारे होते, भाड्याने आणलेले नव्हते. तुझा दुसरा डेमो पाच मिनिटांच्या वर गेलाय. तुझ्या बँडमध्ये तो साडेतीन मिनिटांत बसला असता आणि जास्त लागला असता.

आणि दुसऱ्यासाठी जागा ठेव. ‘टेंपल ऑफ द डॉग’ हा अल्बम साउंडगार्डन या अमेरिकन बँडचा गायक क्रिस कॉर्नेलने आपला खोलीमित्र, गायक अँड्र्यू वूडच्या मृत्यूनंतर, १९९०मध्ये, त्याच्यासाठी लिहिलेल्या गाण्यांपासून सुरू झाला. सोबत वूडच्याच बँडमधले स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट होते. एका गाण्यातल्या खालच्या ओळी कॉर्नेलला जमेनात, तेव्हा सिएटल शहरात नवाच आलेला गायक एडी व्हेडर माइकपाशी गेला आणि त्या ओळी गाऊ लागला. कॉर्नेलसारखा गळा असलेल्या माणसाने त्या त्याला देऊन टाकल्या. अल्बम एप्रिल १९९१मध्ये आला तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. पुढच्या वर्षी गॉसर्ड, अमेंट आणि व्हेडर यांचा पर्ल जॅम हा बँड आणि साउंडगार्डन गाजल्यावर लोक त्याकडे वळले. तेव्हा पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवरून काही ठरवू नकोस.

गळ्याबद्दल. बँडच्या गिटारी खूप खाली ट्यून केलेल्या असतात आणि तू त्यांच्या वरच्या अंगाला गातेस. नव्या गाण्यांत गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये आहे, त्यामुळे जुन्या सवयीने वर चढू नकोस. प्रत्येक गाणं निदान तीन पट्ट्यांमध्ये गाऊन बघ आणि बेस-गिटार रेकॉर्ड व्हायच्या आत पट्टी पक्की कर. नंतर ती बदलायची म्हणजे सगळं पुन्हा वाजवणं आलं. आवाजातली खरखर मुख्य स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांच्या कंपनातून आली तर टिकते. घसा आवळून, हवा रेटून काढलेली खरखर दोन दिवसांत आवाज बसवते. रेकॉर्डवर प्रचंड वाटणारी खरखर पुष्कळदा बेताच्या जोरावर गायलेली असते. माइक आणि कंप्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं यंत्र) तिला मोठं करतात. घसा दुखला की त्या दिवसाचं काम संपलं. दौरा आटोपला की लगेच दुसऱ्या दिवशी स्टुडिओत जायचं, हे तुझं वेळापत्रक तर आधी फाड. सुजलेल्या स्वरतंतूंवर अल्बम गायचा नसतो.

करार वकिलाला दाखव. बँडच्या कंपनीबरोबरच्या करारात सदस्यांच्या स्वतंत्र कामावरही कंपनीचा हक्क लिहिलेला असणं अगदी सर्रास आहे. शिवाय तिसऱ्या डेमोतला रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, तालमीत सगळे मिळून वाजवताना सापडला, असं तूच लिहिलंस. मग श्रेयात त्यांची नावं घाल, कोणी मागायची वाट पाहू नकोस.

अल्बमवर बँडचं नाव मोठ्या अक्षरांत छापायचा आग्रह होईल. त्याला साफ नकार दे. कार्यक्रमातही तेच. तुझ्याकडे पस्तीस मिनिटांचीच गाणी असतील तर पस्तीस मिनिटंच गा. समोरून बँडचं गाजलेलं गाणं मागतील, आणि ते म्हटलंस तर टाळ्या हमखास मिळतील. पण त्या रात्री घरी जाताना लोकांच्या ओठांवर तेच गाणं असेल आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केलास ती नवी गाणी मागे पडतील. ती उरलेली मिनिटं गाजलेल्या गाण्याने भरण्यापेक्षा कार्यक्रम लवकर संपव.

कळावे.