मोबाईल दिला म्हणून असे झाले का?

अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या माझ्या बालविकास केंद्रात आलेल्या त्या आईने टेकण्याआधीच विचारले, "मॅडम, स्वयंपाक करताना मी याच्या हातात मोबाईल देत होते, म्हणून हा बोलत नाही का?" सोबत आलेल्या आजींना हे पटत नव्हते. "ह्याचा बाप पण चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता," त्या म्हणाल्या.

मुलगा एव्हाना फरशीवर बसून माझ्या डब्याचे झाकण गरगर फिरवत होता. तीनदा हाक मारूनही त्याने वळून पाहिले नाही. मात्र पिशवीत बिस्किटाचा पुडा कुरकुरताच तो उठला, आईचे मनगट धरून तिचा हात त्याने पिशवीवर नेऊन ठेवला आणि एवढे करताना तिच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिले नाही. बोलायला उशीर होण्यापेक्षा स्वमग्नतेची (ऑटिझमची) ही खूण मला अधिक बोलकी वाटते.

आईच्या प्रश्नाला जुना इतिहास आहे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख करून दिली, पण पुढे कित्येक वर्षे आईच्या थंड वागण्यालाच दोष दिला गेला. 1977 मध्ये फोल्स्टाइन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या 21 जोड्या अभ्यासल्या, तेव्हा अकरा एकरूप (जनुके सारखी असलेल्या) जोड्यांपैकी चारांमध्ये दोन्ही मुले स्वमग्न आढळली, तर दहा भिन्न जुळ्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत आहे, हे तेव्हापासून ठळक होत गेले. मोबाईल कमी करा, असे मीही सांगितले. पण ते त्याच्याशी खेळायला-बोलायला वेळ मिळावा म्हणून, प्रायश्चित्त म्हणून नव्हे.

पुड्याचा आवाज ऐकू आला तरी श्रवणचाचणी टाळू नये, म्हणून आधी ती करवून घेतली आणि मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. निदान स्वमग्नतेचेच निघाले. अहवाल हाती येईपर्यंत आम्ही थांबलो नव्हतो: पुडा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा, त्याने क्षणभर पाहिले की लगेच बिस्किट द्यायचे, हे काम मुद्दाम आजींकडे सोपवले होते. पहिल्या दिवशी तो रडला आणि त्यांनी अख्खा पुडाच त्याच्या हातात दिला, हे त्यांनी स्वतःच पुढच्या भेटीत हळूच सांगितले.