हॉरर पिक्चरचा रिमेक ओरिजिनलच्या तोडीचा होऊ शकतो का?

होतो की, पण क्वचित. १९८२ चा 'द थिंग' बघा, तो १९५१ च्या पिक्चरचा रिमेक आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण डायरेक्टर जॉन कार्पेंटरने जुना पिक्चर कॉपी न करता मूळ कथेतली खरी भीती उचलली, की बाजूला बसलेला माणूस नक्की माणूसच आहे ना. उलट १९९८ चा 'सायको' हा रिमेक, जवळपास शॉट टू शॉट हिचकॉकच्या जुन्या 'सायको'सारखाच, फक्त रंगीत, आणि भीती गायब. आपल्या 'लपाछपी'चा (२०१७) हिंदीत 'छोरी' झाला, डायरेक्टर तोच विशाल फुरिया, ते उसाचं शेतही आहेच, वाईट नाहीये, पण मला तरी मराठीनेच जास्त टरकवलं, उषा नाईकांचं ते गोड बोलणंच बास होतं.